ज्याचं डुक्कर, त्याचा वाटा

मी डुकराचा जबडा बोलतोय. हसू नका! जरा वर बघा. वांडोमेच्या दारावरच्या वाशाला वेलीने बांधलेला, धुराने काळा पडलेला, तो मीच. आमच्या पापुआच्या डोंगरात जेवणावळ झाली की डुकराचा जबडा घरात टांगून ठेवतात, म्हणजे कुणी कुणाला काय खाऊ घातलं ते विसरायला होत नाही. पण माझ्याइतका चिडलेला जबडा अख्ख्या खोऱ्यात दुसरा नाही.

माझा जन्म झाला आणि आई दगावली. वांडोमेने मला झोळीत घालून पाठीवर वागवलं, रताळी चावून चावून भरवली. पाच वर्षांत मी असा फुगलो की पाहुणे विचारायचे, "हे डुक्कर आहे का टेकडी?" ती त्यांच्या अंगावर धावून जायची. "नजर लावू नका, मेल्यांनो!"

मला वाढवलं होतं ते तिच्या धाकट्या सुनेसाठी. ताबिमे सुखरूप बाळंत झाली की मला कापून गावजेवण घालायचं, असं ठरलेलं. थोरली सून पहिल्याच खेपेला गेली. दवाखाना आहे हो आमच्याकडे! चार भिंती, वर पत्रा आणि दाराला कुलूप. नर्स कधी आलीच नाही. थोरलीला बांबूला झोळी बांधून दीड दिवसाच्या वाटेने खाली नेत होते. नदीपाशी पोचायच्या आत सगळं आटोपलं. आणि त्याच वाटेच्या कडेने, आमच्याच जमिनीतून काढलेला गॅस पाइपातून समुद्राकडे सुसाट चालला होता. त्याला ना नदी आडवी आली, ना चिखल. मी जनावर असून मला संताप आला. माणसांना कसा येत नाही?

मग एक दिवस वांडोमेचा भाऊ हेगेले आला. तो आमच्या कुळाचा पुढारी.

"अक्का, मंत्री येतोय. गॅसचा नवा करार आणतोय, म्हाताऱ्यांचे अंगठे हवेत त्याला. तुझं डुक्कर दे."

"का? त्याची बायको बाळंत झालीय?"

"अगं, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? आपली अब्रू जाईल."

ताबिमेला तेव्हा चौथा महिना होता. वांडोमे माझे कान खाजवत म्हणाली, "देते. पण वाटे मी सांगेन तसे करायचे."

माझं मरण मी सांगत बसत नाही. केळीच्या पानांत, तापलेल्या दगडांवर चांगला शिजलो. शेजारच्या खोऱ्यातलीही माणसं आली होती. आमच्यात वाटे करणं म्हणजे पोरखेळ नाही. पुढारी एकेकाचं नाव पुकारतो, पांगळ्या म्हातारीचं नाव आधी येतं, भांडलेल्या भावकीचंही येतं. एक वाटा चुकला तर दोन पिढ्या वैर चालतं.

मंत्री किनाऱ्याकडचा. हेलिकॉप्टरातून उतरला, घाम पुसला आणि सुरू झाला, "शंभरातले दोन वाटे तुमच्या खोऱ्याला! बाकीचे देशाला. देश मोठा आहे, सगळ्यांना पुरवायला हवं ना?"

"बरोबर आहे," वांडोमे उठून म्हणाली. "मग बाकीच्या डोंगरांत नर्स आली असेल?"

शेजारच्या खोऱ्यातला एक जण मागून ओरडला, "नर्स? आमच्याकडे तर कुलूपसुद्धा आलेलं नाही!"

सगळे हसले. मंत्रीही हसला, निर्लज्ज! आमच्या वाट्याचं आम्हांला नाही, शेजाऱ्यांना नाही, मग गिळतं कोण?

हेगेलेने सुरी उचलली. वांडोमेने त्याचा हात धरला.

"थांब. आज साहेबांच्या हिशोबाने वाटे. जबडा काढ. हा आपला, शंभरातले दोन. बाकीचं डुक्कर चढव हेलिकॉप्टरात."

"अक्का, माणसं उपाशी आहेत!"

"आज नवीन उपाशी आहेत का? चढव!"

आमच्या डोंगरात अख्खं डुक्कर एकट्याने घेऊन जाणारा माणूस कर्जदार होतो. त्याहून मोठं परत करीपर्यंत त्याच्या शब्दाला कुत्रं विचारत नाही. मंत्र्याचा सेक्रेटरी आयुले डोंगरातलाच. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"साहेब, घेऊ नका, पाया पडतो."

"अरे, प्रेमाने देतायत! फोटो काढ," मंत्री म्हणाला.

माझं बाकीचं अंग पानांत गुंडाळून हेलिकॉप्टरात चढवलं आणि मंत्र्याने शाईचा डबा उघडला. एकही अंगठा पुढे आला नाही. हेगेले म्हणाला, "आधी डुक्कर फेडा साहेब. कर्जदाराच्या कागदावर आम्ही अंगठा देत नाही." मंत्री आमच्यावर अडाणी म्हणून डाफरला आणि उडून गेला. माझं मांस मात्र खाली ठेवलं नाही!

त्यानंतर कागद चार वेळा आले, चारही वेळा कोरे परत गेले. डुक्कर फेडायच्या नावाने राजधानीतून नुसत्या वाटाण्याच्या अक्षता.

परवा आयुले आला, दीड दिवस पायी, दोरीला एक पिल्लू बांधून. दारात मान खाली घालून उभा राहिला.

"मावशी, झोप लागत नाही मला. माझ्या पगारातून आणलंय. ठेवून घे."

वांडोमेने त्याला आधी रताळं दिलं, पाणी दिलं. मग पिल्लाची दोरी उचलून त्याच्याच हातात ठेवली.

"खाल्लं त्याने, फेडतोस तू? असं नसतं रे बाबा. आणि मला डुक्कर नकोच आहे. नर्स आण."

"ते माझ्या हातात नाही, मावशी."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला चालत पाठव."

आयुले ढसाढसा रडला आणि पिल्लू घेऊन निघून गेला.

तर वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाची त्या राजधानीत ओळखपाळख असेल, तर माझा निरोप सांगा. मी हाड आहे. या वाशाला आणखी पन्नास वर्षं लटकेन, मला काही घाई नाही. पण आत ताबिमे कण्हतेय, तिला नववा लागलाय, आणि अंगणात हेगेले बांबू तोडतोय.