थिरीची डावी बाजू

मी बोलतेय, नागपूरच्या इंदोऱ्यातल्या कांताबाई मेश्रामांची करडी स्कूटर. नऊ वर्षांपूर्वी मी घरी आले तेव्हा बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या, शाळेत शिकवत होत्या आणि त्यांना सायकलही येत नव्हती. महिनाभरात त्या मला चालवायला शिकल्या. पुढं रोज शाळा, बाजार, कधी थेट रामटेक.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरला, पण डावा हात लुळा राहिला. मी अंगणात ताडपत्रीखाली गेले. घरातलं माणूस आजारी पडलं की त्याच्या वस्तूही झाकून ठेवतात, हे मला तेव्हा कळलं.

ती ताडपत्री काढली थिरीनं. थिरी ही कांताबाईंची सून, म्यानमारमधल्या मंडालेची. बुद्धगयेला बाईंच्या मुलाशी, प्रशिकशी ओळख झाली, लग्न झालं आणि दोन वर्षांपूर्वी ती नागपुरात आली. मराठी सासूकडूनच शिकली, म्हणून इकडच्या बायकांसारखीच ‘मी जातो, मी करतो’ असं बोलते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्या सहा महिन्यांत व्यायाम झाला तर हात परत येईल, नंतर कठीण. त्यासाठी आठवड्यातून तीनदा सदरच्या दवाखान्यात जायचं होतं. प्रशिक सकाळी सातलाच बुटीबोरीच्या कारखान्यात निघायचा. गल्लीत ऑटो मिळत नसे, आणि मिळालाच तर कांताबाई म्हणायच्या, “आज राहू दे वं.” असे दोन महिने गेले.

“आईले मी नेतो,” एका रात्री जेवताना थिरी म्हणाली. “मंडालेत बारा वर्षं गाडी चालवली मी.”

“लायसनशिवाय नाही,” प्रशिक म्हणाला. “इथल्या पोरीले पकडलं तर दंडावर सुटते. तुले पकडलं तर व्हिसाचं लफडं होईन.”

“मंग लायसन काढतो.”

अर्जात आडनावाची चौकट होती. थिरीला आडनावच नाही, तिच्या देशात ते नसतं. चौकट रिकामी ठेवली की अर्ज पुढं सरकेना. मग पत्त्याचा पुरावा, परदेशी नागरिक म्हणून केलेल्या नोंदणीचा कागद, लग्नाचा दाखला. प्रशिक रजा काढायचा त्या दिवशी मी त्या दोघांना घेऊन आरटीओचे हेलपाटे घालायची. चौथ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी तेच नाव दोन्ही चौकटींत लिहायला सांगितलं. थिरी झाली ‘थिरी थिरी’, आणि कांताबाई आठवडाभर तिला तशीच हाक मारत होत्या.

संगणकावरची परीक्षा तिनं मराठीतून दिली आणि पास झाली. शिकाऊ परवाना मिळाला. खरी अडचण त्यानंतर आली.

मंडालेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. थिरीचा तोल पक्का, ब्रेकवरचा हात हलका, पण वळण आलं की बारा वर्षांची सवय तिला उजवीकडे ओढायची. एका रविवारी प्रशिकला मागं बसवून ती गल्लीतून मोठ्या रस्त्यावर वळली ती सरळ उजव्या बाजूला. समोरून पाण्याचा टँकर आला. तिनं मला नालीच्या काठावर दाबलं. टँकर माझ्या आरशाला घासून गेला.

प्रशिकनं किल्ली काढून घेतली. “बस झालं. आपण ऑटोवाला ठरवू.”

संध्याकाळी कांताबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. “तो घाबरला. तू घाबरली का?”

“घाबरली, आई.”

“घाबरली तं चांगलंच आहे. उद्या सहाले निघ. रस्ता मोकळा राहते. किल्ली मी मागतो त्याले.”

दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशी एक प्लास्टिकची खुर्ची लागली. तिच्यावर कांताबाई, हातात काठी. थिरी वस्तीला फेरी मारून यायची, मागं जांभया देत प्रशिक. काठी डावीकडे वळायची, थिरी डावीकडे वळायची. रोज तीस फेऱ्या. तीन आठवड्यांनी कांताबाई काठी मुद्दाम उजवीकडे दाखवू लागल्या. थिरी तरी डावीकडेच वळली.

पक्क्या परवान्याच्या परीक्षेत आठच्या आकड्यात गाडी फिरवताना तिचा पाय जमिनीला टेकला. नापास. सात दिवसांनी यायला सांगितलं. ती रडली नाही. येताना चुन्याची पिशवी घेतली आणि मोकळ्या प्लॉटवर आठ आखला, परीक्षेतल्यापेक्षा लहान. सात दिवस मी त्या आठमध्ये फिरले, टायर पांढरे झाले.

दुसऱ्यांदा पाय टेकला नाही. साहेबांनी कागदावरून नजर उचलली. “कुठल्या तुम्ही?”

“इंदोऱ्याची,” थिरी म्हणाली.

लायसन हातात आलं तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतले पाच आठवडे उरले होते. त्या पाच आठवड्यांत सदरचा एकही वार चुकला नाही.

आता माझी सीट उसवली आहे, चढावर मी धापा टाकते. मला भंगारात द्यायचा विषय निघतो. माझं एवढंच मागणं आहे, थोडं थांबा. कारण परवा अंगणात कांताबाई माझ्यावर बसल्या. थिरीनं किल्ली फिरवली, त्यांचा डावा हात उचलून ब्रेकच्या दांड्यावर ठेवला आणि आपला हात काढून घेतला. “दाबा, आई.”

बराच वेळ काही झालं नाही. मग दांडा हलला. बोटभरही नसेल, पण ब्रेक माझा आहे, मला कळलं. मागचा लाल दिवा लागला होता.