पहिल्या हाताची पट्टी

खुर्चीची पाठ शिडीसारखी होती, चार आडव्या पट्ट्यांची. सुताराच्या पणजोबांनी धंदा शिकताना ती केली आणि पुढे एक रीत घालून दिली. घरातला मुलगा धंदा शिकू लागला की त्याने आपली पहिली पट्टी या खुर्चीसाठी करायची आणि एक जुनी काढून तिथे बसवायची. मग ती कशीही झालेली असो, तिला पुन्हा हात लावायचा नाही. त्यामुळे त्या पाठीवर चार पिढ्यांचे कच्चे हात होते.

सुताराच्या वडिलांना आता माणसं ओळखू येत नव्हती. सुनेला ते नर्सबाई म्हणत. पण जेवायच्या आधी खुर्चीमागे उभे राहून पट्ट्यांवरून बोटं फिरवत. "खालची आजोबांची, तिच्यावरची वडिलांची, तिसरी माझी." सगळ्यात वरच्या पट्टीवर पटाशी घसरल्याची खोल चीर होती. तिथे बोट अडकलं की हसत, "आणि हा आमचा धांदरट," म्हणून मुलाकडे पाहत आणि मगच जेवायला बसत. दिवसातून दोनदा, तेवढ्यापुरता, सुतार त्यांचा मुलगा असे.

खुर्ची डुगडुगू लागली. बायको म्हणाली, लोकांच्या खुर्च्या नीट करता, घरातली तेवढी पाडणार आहे बाबांना. सुताराने सांधे उकलले, सरस भरून आवळून ठेवले. एवढ्यावर उठायला हवं होतं. पण तीस वर्षांत खडबडीत लाकूड त्याच्या हातून सुटलं नव्हतं. सरस वाळेपर्यंत रिकामं काय बसायचं, म्हणून त्याने पॉलिश पेपर घेतला. आपली चीर तर त्याला लहानपणापासून सलत होती. ती आधी भरली. संध्याकाळी चारही पट्ट्या काचेसारख्या झाल्या.

वडिलांनी बोटं फिरवली. खालून वर, वरून खाली.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "कोणाची खुर्ची?"

"आपलीच, बाबा."

"छे. आमच्यात एवढा सफाईदार कोणी नव्हता."

सुताराने पटाशी आणली आणि वरच्या पट्टीवर चीर पाडली. हात घसरेना. चीर सरळ, रेखीव आली. वडिलांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि नकारार्थी मान हलवली.

ताट निवलं. ते उभेच होते.

"मिस्त्री, ही घेऊन जा," ते अदबीने म्हणाले. "आमची धाडून द्या. पोरगा यायची वेळ झाली."

सुतार बरं म्हणाला आणि खुर्ची उचलून बाहेर घेऊन गेला.