शेंड्यांची ओळ

मुकादम तिला काकू म्हणायचा, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

तो सत्तावीसचा, ती चव्वेचाळीसची. बागकामाच्या कंपनीनं त्या वर्षी तीन शिकाऊ घेतले होते. बाकीची दोन पोरं विशीतली. त्यांना मुकादम अरे-तुरे करी, वाट्टेल ते बोले, फावडं पुढ्यात टाकी आणि म्हणे, खण. पोरं खणत, चुकत, बोलणी खात, पुन्हा खणत, आणि असं करता करता काम त्यांच्या हातात उतरत गेलं. तिच्यावर मात्र त्यानं कधी आवाज चढवला नाही. काकू, तुम्ही नका वाकू, तुम्ही आपलं पाणी घाला, एवढंच. मायेनंच म्हणायचा बिचारा. पण त्या मायेनं तिचं अख्खं वर्ष खाल्लं.

आधीची बावीस वर्षं ती मोज्यांच्या कारखान्यात होती, तपासणीच्या टेबलाशी. ट्यूबलाइटच्या उजेडात मोजा हातात घ्यायचा, आत मूठ घालून ताणायचा, टाच बघायची, बोटं बघायची, जोडी लावायची. बाहेर ऊन आहे की आभाळ, ते संध्याकाळी फाटकातून निघतानाच कळायचं. कारखाना बंद पडला तेव्हा बायका रडल्या, तीही रडली. पण घरी चालत येताना तिच्या मनात आलं, आता जे करीन ते आभाळाखाली करीन. म्हणून तिनं या शिकाऊ उमेदवारीचा अर्ज भरला. चार दिवस काम, सोमवारी प्रशिक्षण केंद्रात वर्ग.

केंद्रानं एक निळी वही दिली होती. तिच्यात पहिल्या वर्षाची दहा कामं छापलेली. प्रत्येकापुढं सहीची चौकट. मुकादमासमोर काम करून दाखवायचं, त्यानं सही करायची. फक्त छाटणीची सही केंद्रातल्या मॅडम स्वतः बघून करत. वर्षअखेर सहा सह्या असल्या तर दुसरं वर्ष, नसल्या तर तेच वर्ष पुन्हा पहिल्यापासून. अकरा महिने उलटले आणि तिच्या वहीत दोनच सह्या होत्या. पाणी देणे आणि तण काढणे.

सासूबाई घरी भाजी निवडता निवडता गुणगुणायच्या. त्यांना कुठल्याही गोष्टीचं गाणं करायची खोड.

सून माझी शिकायला गेली फुलांच्या गं दारी,
वर्ष सरलं बाई, हाती झारी ती झारी.

"आई, पुरे," ती म्हणायची. सासूबाई गप्प बसायच्या आणि भेंडीची देठं तेवढी तालात मोडायच्या.

कंपनीचं त्या वर्षीचं मोठं काम म्हणजे नव्या ग्रंथालयाची वाट. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंनी नीलमोहर, बारा आणि बारा. मुकादमाला ओळीचं भारी वेड. त्याला ज्यानं काम शिकवलं त्या म्हाताऱ्या माळ्याचा म्हणे एकच मंत्र होता, लोक शेंडे बघतात. लावणीच्या दिवशी मुकादमानं दोन शिड्या लावल्या, डोक्याच्या वर दोरी ताणली आणि चोवीसही शेंडे त्या दोरीला आणून लावले. रोपं काही एका मापाची नव्हती. जी बुटकी होती ती बेतानं लागली. जी सात रोपं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच होती, त्यांचे खड्डे त्यानं हातभर जास्त खणून घेतले. पोरं कमरेपर्यंत खड्ड्यात उतरली होती. ती पाइप धरून कडेला उभी होती, आणि उंच झाडाला खोल खड्डा लागत असेल असं समजून गप्प राहिली. उद्घाटनाला फोटो निघाले. ग्रंथपाल साहेबांनी मुकादमाच्या पाठीवर थाप मारली. शेंडे असे एका रेषेत, की जणू फणीनं विंचरले आहेत.

तीन महिन्यांनी त्यातली सात पिवळी पडली.

मुकादम हळू आवाजात तिला बाजूला घेऊन म्हणाला की पाणी जास्त झालं असावं, होतं असं, मनाला लावून घेऊ नका. फक्त एक अडचण होती. शुक्रवारी मॅडम यायच्या होत्या, वर्षाचा निकाल लावायला. झाडं पाण्यानं गेली असं म्हटलं, तर पाण्याच्या कामावर केलेली सही त्याला खोडावी लागणार होती. हे सांगताना त्याचाच चेहरा पडला होता, म्हणून तिला त्याच्यावर धड चिडताही येईना.

त्या संध्याकाळी ती घरात भांडी आपटत फिरली. चोवीस झाडांना तिनं एकाच मापानं पाणी दिलं होतं. आधी काडी खुपसून ओल बघायची, मग नळ सोडायचा. जास्त झालं असतं तर सतरा का हिरवी राहिली? दोन सह्या, त्यातली एक जाणार. तेलही गेलं, तूपही गेलं.

"हे सगळं त्याला बोललीस?" सासूबाईंनी विचारलं.

तिनं पातेलं आणखी जोरात आदळलं.

"मग भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

मंगळवारी ती लवकर गेली आणि पिवळ्या पडलेल्या एका झाडापाशी उकिडवी बसली. मग शेजारच्या हिरव्यापाशी, मग पुन्हा पिवळ्यापाशी. हात नुसता खोडावरून खाली न्यायचा आणि बघायचं, जसं बावीस वर्षं बघितलं तसं. हिरव्या झाडाचं खोड जमिनीजवळ येता येता फाकत होतं, रुंद होऊन मग मातीत जात होतं. पिवळ्याचं तसं नव्हतं. ते वरून खाली सरळसोट, खांब पुरावा तसं मातीत घुसलेलं. तिच्या बोटांना ते डोळ्यांआधी कळलं. याला टाच नाही. टाच खाली राहिली आहे, हातभर मातीखाली.

सातांपैकी सातांना टाच नव्हती.

तिनं मुकादमाला सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला की खोल लावलेलं झाड वाऱ्याला हलत नाही, त्यात वाईट काय. आणि तुम्ही उन्हात बसू नका, काकू. पोरं खुदकन हसली. पालथ्या घड्यावर पाणी कसं असतं ते तिनं त्या दिवशी पाहिलं, आणि पाणी घालण्यात तर तिचा हात आता चांगलाच बसला होता.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला सावलीत गेले तेव्हा तिनं गाडीतून फावडं काढलं. कुणाला विचारलं नाही. पिवळ्या झाडाच्या बुंध्याशी पहिला घाव घातला, दुसरा घातला. माती घट्ट, हात नवखे, आणि आत साचलेला अकरा महिन्यांचा राग. चौथ्या घावाला फावडं सटकलं आणि खोडाची साल बोटभर सोलून निघाली.

"अहो, काय करताय काय?" मुकादम हातातला घास टाकून धावत आला. "असं धरतात का फावडं? झाडाकडं पातं करून? मारून टाकाल ना ते. बुद्धी गहाण ठेवलीय का? पाठ झाडाकडं करा फावड्याची. हां. पाय द्या वर. हातानं नाही, पायानं. अंगाचा भार टाका."

ती अंगाचा भार टाकत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी येत होतं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर ओरडलं होतं. मुकादमाला वाटलं आपण फार बोललो, पण थांबायला त्याला जमेना, कारण फावडं अजून चुकीचं पडत होतं. बाहेरून आत ये, मुळाला धक्का नको, माती खोडाकडं ओढू नको. अर्धा तास तो तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून बोलत राहिला. मग फावडं बाजूला ठेवून दोघांनी हातानं माती उकरली. हातभर खाली गेल्यावर साल काळी लागली. मुकादमानं बोट लावलं तर ती ओल्या पुठ्ठ्यासारखी निघून आली. त्यानं बोट नाकाशी नेलं.

पोरं आली, तरी त्यानं मान वर केली नाही.

"सातही?" त्यानं विचारलं.

"सातही," ती म्हणाली. "मी पाणी बरोबर घातलं होतं, मुकादम."

"हो," तो म्हणाला. "मी ओळ बरोबर लावली होती."

तो दिवस आणि गुरुवार, दोन्ही दिवस ती सात झाडं उकरण्यात गेले. तीन खाली पार कुजली होती, ती काढून टाकली. चार वाचण्यासारखी होती. तिनं खड्डे भरत वर आणले, खोडाची टाच मातीच्या वर राहील अशी झाडं बसवली, काठ्या रोवून सैलसर बांधली. मुकादम ओरडत होता आणि ती ऐकत होती. गुरुवारी संध्याकाळी त्यानं वहीत तीन सह्या केल्या. खोदाई. रोपण. आधाराच्या काठ्या. आधीच्या दोन होत्याच, पाण्याची सही त्यानं शाबूत ठेवली. झाल्या पाच. बसमध्ये तिनं वही तीनदा उघडून पाहिली. एक उरली होती.

शुक्रवारी मॅडम आल्या. मुकादमानं त्यांना काय झालं ते सांगितलं, दोष कुणाचा तेही सांगितलं, मान खाली घालून का होईना. मॅडमनी टाच बघितली, तिला दोन प्रश्न विचारले आणि खूश झाल्या. सहावी म्हणून छाटणी आत्ताच बघते, म्हणाल्या. इथं छाटायला काही आहे का?

तेवढ्यात ग्रंथपाल साहेब पायऱ्या उतरून आले. वाटेत तीन खड्डे आणि चार झाडं ओळीतून हातभर वर निघालेली. हे काय, दात पडलेल्या तोंडासारखं दिसतंय, असं ते म्हणाले. खड्ड्यांत नवी झाडं येतील ते ठीक, पण हे चार शेंडे आजच्या आज कापून ओळीला आणा. सोमवारी पाहुणे आहेत.

मुकादमानं तिच्याकडं पाहिलं. पोरांनी पाहिलं. मॅडमनी वही उघडली. एका पोरानं शिडी लावली आणि छोटी आरी तिच्या हातात दिली. चार काप, एक सही, दुसरं वर्ष. इतकं सोपं तिच्या आयुष्यात काहीच आलं नव्हतं.

ती पाच पायऱ्या चढली. शेंडा तिच्या तोंडासमोर होता, बोटाएवढा जाड, टोकाला चार कोवळी पानं, पिवळ्यातून पुन्हा हिरवी होऊ बघणारी. झाडाची टाच मातीवर येऊन धड दोन दिवस झाले नव्हते. वर्गात याच मॅडमनी शिकवलं होतं, नीलमोहराचा शेंडा मारला की खालून चार-पाच फांद्या एकाच जागेवरून फुटतात, आणि मोठं झाल्यावर झाड तिथूनच फाटतं. तिनं आरी टेकवली. मग काढून घेतली. पुन्हा टेकवली. खालून सगळे वर बघत होते, आणि तिला त्या सगळ्यांचा इतका राग आला, ग्रंथपालाचा, वहीचा, झाडाचासुद्धा, की आरी दूर भिरकावून द्यावीशी वाटली.

"मॅडम, शेंडा मारला तर फाटतं ना हे?" तिनं वरूनच विचारलं.

"फाटतं," त्या म्हणाल्या.

ती खाली उतरली.

ग्रंथपाल साहेब मुकादमाकडं वळले. मुकादमानं तिच्या हातातून आरी घेतली, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला की आरीची धार गेली आहे साहेब, हिनं कापलं जायचं नाही, सोमवारी बघू. आरी नवी कोरी होती. साहेब तणतणत पायऱ्या चढून गेले.

मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. छाटायला दुसरं काही नव्हतं, सगळी वाट तीन महिन्यांपूर्वीच लावलेली. आणि निकालाचा कागद आजच जायचा होता. त्या तिच्याजवळ येऊन बसल्या. हे बघा, तुम्ही बरोबर केलंत, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. वर्ष त्यांचं जाणार नव्हतं.

"मग तसं लिहा," ती म्हणाली. "छाटली नाही, म्हणून लिहा."

मॅडमनी कागद तिच्यापुढं धरला. छाटणीच्या ओळीत दोनच चौकटी छापलेल्या होत्या. येते. येत नाही.

"तिसरी नाहीये हो," मॅडम म्हणाल्या.

"न येणारीनं शिडीवरून खाली यायचं कशाला? कापून मोकळी झाली असती."

मॅडमना ते पटत होतं. तरी पेन घेऊन दुसऱ्या चौकटीत त्यांनी बारीकशी, लाजल्यासारखी खूण केली. खाली शिकाऊ उमेदवाराची सही लागते. तिनं हात पँटीला पुसले, पेन घेतलं आणि आपलं नाव लिहिलं, इतकं दाबून की ते खालच्या तीन कोऱ्या कागदांवर उमटलं.