बोटभर

आरफाने हाताने खूण करून गेणभाऊंना मागे सरकायला लावलं. त्यांची सावली भावाच्या चेंडूवर पडली होती.

"काका, समोरचा खेळत असताना त्याच्या चेंडूवर आपली सावली पडू द्यायची नाही. आणि बोलायचं नाही."

"बोलतंय कोन त्याच्याशी," म्हणत गेणभाऊ करंजाखाली जाऊन उभे राहिले.

समोर गोल्फची काठी तोलत उभा असलेला भगवंत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांत एका बांधावरून दावा चालू होता. भगवंतने बांध आपल्या सोयीने सरकवला, असं गेणभाऊंचं म्हणणं. बांध होता तिथेच आहे, असं भगवंतचं. तारखेला दोघं घोडेगावच्या कोर्टात एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून माघारी यायचे. मधल्या काळात डिंभे धरणाच्या पाण्याकाठी रिसॉर्ट आलं. दोघांनीही जमीन भाड्याने दिली. बांध सपाट झाला, त्यावर गवत लागलं. दावा मात्र मिटला नाही. रिसॉर्टवाल्यांनी जमीन देणाऱ्यांसाठी रविवारी गोल्फचा वर्ग ठेवला, तेव्हा भगवंतने नाव दिलं. ते कळल्यावर गेणभाऊंनीही दिलं.

शिकवणारी आरफा जुन्नरची. पुण्याच्या एका क्लबात नोकरी करता करता ती हा खेळ शिकली होती. ज्याचा चेंडू खड्ड्यापासून लांब त्याने आधी मारायचं, काठीने उखडलेलं गवत पुन्हा जागेवर बसवायचं, असल्या गोष्टींनी तिने सुरुवात केली आणि बाकीची मंडळी कंटाळून एकेक करून गळाली. हे दोघं राहिले. एकाने सोडल्याशिवाय दुसरा सोडणार नव्हता. त्यामुळे आज पहिल्यांदा खरा खेळ लावायचा तर जोडी त्यांचीच झाली. कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालेल तो जिंकणार, आणि खेळाच्या रीतीप्रमाणे एकाचे फटके दुसऱ्याने मोजायचे होते. तेही दोघं आरफाच्या तोंडून करत होते. किती झाले ते त्याला सांग, असं एक म्हणायचा आणि दोन हातांवर उभा असलेला दुसरा ते तिच्याकडून ऐकून घ्यायचा.

शेवटच्या खड्ड्यापर्यंत दोघं बरोबरीत आले. तिथे भगवंतचा चेंडू करवंदीच्या जाळीजवळच्या उंच गवतात गेला. गेणभाऊ पाण्याकडे तोंड करून उभे होते. आरफा खड्ड्यातला झेंडा सरळ करत होती. भगवंत वाकला, चेंडूजवळची वाळकी काटकी त्याने उचलली आणि तसाच थांबला. मग त्याने आरफाला हाक मारली.

"मॅडम, माजा चेंडू हलला. काटकी उचलताना."

"किती?"

"बोटभर."

आरफाने त्याला चेंडू पुन्हा होता तिथे ठेवायला लावला. दंड म्हणून त्याचा एक फटका वाढणार होता. मोजणी गेणभाऊंकडे, म्हणून तिने त्यांना बोलावून सांगितलं.

गेणभाऊ जवळ आले. त्यांनी गवतात पाहिलं, जाळीकडे पाहिलं.

"तू बघितलास का हलताना?" त्यांनी आरफाला विचारलं.

"नाही."

"मंग?"

"ते म्हणाले ना. या खेळात पंच नसतो, काका. खेळणारा सांगेल ते खरं धरायचं."

"आनि हलला न्हाई म्हनला असता, तर?"

"तरी धरायचं."

गेणभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

भगवंत खाली गवताकडे बघत होता. तसाच बघत तो म्हणाला, "दादा, बांध म्या न्हवता हलवला."

आरफाला तिथून बाजूला व्हावंसं वाटलं, पण पाऊल उचलेना. गेणभाऊ भावाकडे बघत राहिले. मग त्यांनी बोटांवर त्याचे फटके मोजले.

"दंडाचा धरून सहावा हाय ह्यो तुजा," ते भगवंतला म्हणाले. "मार."

भगवंतने काठी उचलली. मग ती परत खाली टेकवली. पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली.

गेणभाऊंनी घाई केली नाही.