मधले नंबर

श्रीसाफल्य सोसायटीत माणसं पाण्यावरून भांडत, पार्किंगवरून भांडत, जिन्यातल्या चपलांवरून भांडत. हवेवरून भांडायचं तेवढं राहिलं होतं. ती वेळही आली, आणि ती आणण्यात संपदाचा हात होता, हे तिला पुढे बरेच दिवस डाचत राहिलं.

झालं असं की दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी हेमाली एक दिवस वर तिच्या फ्लॅटमध्ये आली. चांदीप गावची ही मुलगी तुळिंजच्या बाजारात औषधांच्या दुकानात कामाला होती. घरात वडील, गंगाराम, एका अंगाने लुळे पडलेले. सकाळी बाई येऊन त्यांचं आंघोळपांघोळ करून जायची आणि मग संध्याकाळपर्यंत म्हातारा एकटा. म्हणून हेमालीने खोलीत एक स्वस्तातला कॅमेरा लावला होता. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती मोबाईलवर वडिलांना बघायची. पण हल्ली चित्र मध्येच थिजायचं. बाबा हलत नाहीत की कॅमेरा अडकलाय, तेच कळत नाही, असं तिने सांगितलं आणि उगाचच हसली.

वाय-फाय बसवणं हे संपदाचं रोजचं काम. तिची कंपनी इस्पितळांमध्ये आणि मॉलमध्ये ते बसवून द्यायची. तिने लॅपटॉप उघडून पाहिलं तर इमारतीत हा गोंधळ! प्रत्येकाने राउटरचा जोर शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला. पालिकेच्या लाइनीला प्रत्येकाने चोरून मोटर लावायची आणि मग पाणी कुणालाच नाही म्हणून बोंबलायचं, त्यातलाच हा प्रकार.

उपाय सोपा होता. साध्या राउटरला हवेत जागा थोडी. नंबर, म्हणजे चॅनल, बरेच दिसतात, पण एकमेकांच्या अंगावर न जाणारे तीनच, एक, सहा आणि अकरा. तेच सगळ्यांनी वाटून घ्यायचे. एका नंबरावर चार घरं आली तरी बिघडत नाही, कारण एकाच नंबरावरची यंत्रं एकमेकांचं ऐकतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. मधला नंबर घेणारा मात्र दोन्ही बाजूंच्यांचं बोलणं नुसती कटकट म्हणून ऐकतो आणि त्यांनाही तेच ऐकवतो.

सोसायटीच्या बैठकीत तिने हे सगळं समजावलं. मजल्यामजल्याने तीन नंबर वाटू, जोर कमी करू, सगळ्यांचं भागेल. सेक्रेटरी परेशकाकांनी मान डोलावली, खजिनदार असलेल्या त्यांच्या पत्नी मीराताईंनी चहा मागवला. संपदाला वाटलं, एक तरी काम सरळ झालं.

दुसऱ्या दिवशी फलकावर वाटप लागलं. एक, सहा, अकरा सभासदांना. भाडेकरूंना तीन, चार, आठ आणि नऊ.

ती तशीच परेशकाकांच्या दारात गेली. ते झोपाळ्यावर बसले होते. काका अगदी समजूतदारपणे म्हणाले, की पार्किंगचंही आपलं असंच आहे, छपराखाली मालक, गटाराकडेला भाडेकरू, कधी कुणी तक्रार केली आहे का? ते मधले नंबर तिने मोकळे टाकले होते, वाया का घालवायचे? संपदाने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. मधले नंबर मोकळे नसतात काका, त्यावर कुणी बसलं तर त्यांचंही बिघडेल आणि तुमचंही. आपल्याच नंबरावर त्यांना घ्या, त्यात तुमचाच फायदा आहे. आतून मीराताई बाहेर आल्या आणि त्यांनी विषय संपवला.

"अगं, पण त्यांच्यासोबत एकाच नंबरावर? मग आपण फ्लॅट विकत घेतला कशाला?"

हे बोलताना त्यांचं नाक जे आक्रसलं, ते बघून संपदाला शिसारी आली. दिसत नाही, वास येत नाही, हात लागत नाही, अशा गोष्टीतही या बाईंना भाडेकरूंचा विटाळ होत होता. आणि स्वतःचं नेट अडखळलं तरी चालेल, पण शेजारी नको!

संपदाने गुपचूप हेमालीचा राउटर सहावर लावून दिला. चित्र सुरळीत झालं. गंगाराम कॅमेऱ्याकडे बघून आपला चांगला हात हलवतात, हे हेमालीने तिला मुद्दाम वर येऊन सांगितलं. पण हे सुख आठवडाभरही टिकलं नाही. परेशकाका मोबाईलवर कसलंसं ॲप घेऊन मजल्यामजल्याने फिरायला लागले होते, चोर पकडायला निघाल्यासारखे. दुसऱ्या मजल्यावर हेमालीच्या नावापुढे त्यांना सहा दिसला. नेट पुरवणारा केबलवाला त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने आपल्या ऑफिसात बसल्या बसल्या हेमालीचा राउटर तीनवर नेला आणि सेटिंगचा पासवर्डही बदलला. संपदा चिडली, भांडली, केबलवाल्याला फोन केले. सेक्रेटरींना विचारा, एवढंच तो म्हणत राहिला.

त्यानंतरच्या आठवड्यात संपदा घरून काम करत असताना दुपारी हेमालीचा फोन आला. बाबा केव्हापासून खुर्चीत शांत बसलेले दिसतायत, ती म्हणाली, झोपले असतील असं वाटलं. पण ताई, ऊन अजून खुर्चीच्या पायाशीच आहे. एव्हाना ते पलंगावर चढतं.

खालच्या वॉचमनकडची किल्ली घेऊन संपदा धावली. खुर्ची रिकामी होती. गंगाराम पलंगाजवळ जमिनीवर पडले होते, पाय विचित्र वळलेला, लेंगा भिजून त्याखालची फरशी ओली. किती वेळ हाका मारल्या असतील कोण जाणे. आवाज पार बसला होता.

"पानी दे, बाय," ते म्हणाले. मग मान वळवून पुटपुटले, "इकडं बघू नको. घान झालीय."

तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोडं थोडं पाणी पाजलं. दारात तोवर गर्दी जमली होती. मीराताई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. आत एकही पाऊल पडलं नाही. तिच्या मांडीवर जे होतं त्याची संपदाला जराही किळस वाटली नाही. दारात जे उभं होतं त्याची मात्र इतकी वाटली, की दार पायाने लोटून घ्यावं असं वाटलं, आणि तिने ते लोटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण आता त्यांना क्षणभरही एकटं ठेवणं शक्य नव्हतं. हेमालीने नोकरी सोडली, खोली सोडली. चांदीपला सुशीलाआत्याच्या घरी दोघं जाणार होती. वडिलांना आधीच तिकडे पोचवून ती सामानासाठी आली. टेम्पो फाटकाशी लागला आणि संपदा तिच्याबरोबर डबे, गाद्या, खुर्ची चढवत होती.

तेवढ्यात परेशकाका आले. वाईट झालं म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला असं एकटं ठेवू नये म्हणाले. मग संपदाकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला, पण पुरेसा नाही.

"पण तुला सांगतो, यांचा राउटर बंद झाल्यापासून नेट काय सुरेख चाललंय! कुठे अडकत नाही. मीच म्हणत होतो, यांच्याचमुळे होतंय."

ते खोटं बोलत नव्हते, हीच सगळ्यात ओंगळ गोष्ट होती. तीन नंबर गप्प झाला की जवळपासचे एक आणि सहा मोकळे होणारच. संपदानेच ते त्यांच्या झोपाळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं.

हेमाली टेम्पोत चढता चढता थांबली.

"ताई, आमच्यामुळे सगळ्यांचं अडत होतं?" तिने विचारलं. "मग आधी सांगायचं ना. मी बंद ठेवला असता."

"तुमच्यामुळे नाही," संपदा परेशकाकांकडे बघत म्हणाली. "यांनी तुम्हाला जिथे बसवलं, त्यामुळे."

हेमालीने मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. ती परेशकाकांकडे वळली आणि तिने त्यांची माफी मागितली. काकांनी हात हलवून मोठ्या मनाने ती स्वीकारली.