पांढऱ्या कव्हरातली फाइल

विभागीय आरोग्य केंद्राच्या नोंदणी खिडकीत बसणारा कारकून माणूस म्हणून वाईट नव्हता. उलट, अडल्यानडल्याच्या कामाला येणारा अशीच त्याची ख्याती. केंद्रात कॅन्सर विभागाच्या फाइलींना पिवळं कव्हर असायचं, बाकी सगळ्यांना पांढरं. कुणी खिडकीत वाकून हळूच म्हणालं, "साहेब, पिवळं नको हो, आमच्या गल्लीतली माणसं बाहेर बसलीत," की हा गुपचूप पांढरं कव्हर चढवून द्यायचा. यात कुणाचं काय बिघडतं, असं त्याला वाटे. खरं सांगा, त्याच्या जागी आपणही तेच केलं नसतं का?

आणि एके दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीच्याच छातीत गाठ निघाली.

ताई शेजारच्या गावात शिवणकाम करायची. आई गेल्यावर या धाकट्या भावाला तिनेच लहानाचं मोठं केलेलं, आणि नवरा गेल्यावर मशीनच्या जोरावर मुलीला शिकवलेलं. रोग वेळेत सापडला होता. केमोचे सहा डोस, मग ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, "पूर्ण उपचार घेतलेत तर बऱ्या व्हाल." उपचारही इथेच होणार होते, दूरच्या शहरात हेलपाटे घालायला नकोत.

पण भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. "झाकली मूठ सव्वा लाखाची," कारकून बहिणीला म्हणाला. "एकटीच येत जा. आणि खिडकीशी मला ओळख दाखवू नकोस." पांढरं कव्हर त्याने स्वतःच्या हाताने चढवलं.

तीन डोसांना ताई आली. डोक्याला फडकं बांधून रांगेत उभी राहायची, परक्या बाईसारखी कागद पुढे सरकवायची. तो मान वर न करता शिक्का मारायचा. चौथ्या डोसाला ती आलीच नाही. फोनवर म्हणाली, "गाठ विरघळली रे. डॉक्टरांनीच थांबवलं." त्याला हायसं वाटलं. विभागात जाऊन खात्री करावी, तर नातं उघडं पडलं असतं. तो गप्प बसला.

चार महिन्यांनी ताईला स्ट्रेचरवरून आणावं लागलं. तिला धड श्वास घेता येत नव्हता. रोग फुप्फुसात पसरला होता आणि आता वेदना कमी करण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

तिची जुनी फाइल शोधत विभागाच्या मोठ्या सिस्टर खिडकीशी आल्या. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या, पण त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"दर शनिवारी मी एकूण एक पिवळी फाइल काढते," त्या म्हणाल्या. "तारीख चुकलेल्याला फोन करते. फोन लागला नाही तर घर गाठते. डॉक्टरांनी यांचे डोस थांबवलेच नव्हते, मग या बाई माझ्या नजरेतून सुटल्या कशा, तेच कळत नव्हतं. यांची फाइल पांढऱ्यांत कुणी ठेवली?"

कारकून म्हणाला, "मीच. माझी सख्खी बहीण आहे ती."

सिस्टरांनी विचारलं, "अशा अजून किती आहेत?"

"मोजल्या नाहीत. लोकांची लाज राखावी म्हणून..."

"लाज कसली? कुणाच्या घरी चोरी केली का या बायकांनी? आजारी पडल्या, एवढंच ना? तो पिवळा रंग लोकांना दाखवायला नव्हता हो, मला दिसायला होता. तुम्ही त्यांना गल्लीपासून लपवायला गेलात आणि आमच्यापासूनच लपवून बसलात."

तो तसाच उठला आणि वॉर्डात गेला. भरल्या वॉर्डात, ओळखीच्या सगळ्यांसमोर ताईच्या कॉटवर बसला. ताईने डोळे उघडले. धापा टाकत म्हणाली, "जा रे बाबा, कुणीतरी बघेल."

तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

उशाशी भाची उभी होती. "मामा, कुणी बघेल या धाकानेच आईने डोस सोडले. हे माझ्या लग्नासाठी केलंत ना?" ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं होतंत. आईवाचून ते लग्न घेऊन मी काय करू?"

त्याने ताईचा हात घट्ट धरला.

ताई त्यानंतर अकराच दिवस जगली. तेवढे दिवस तो तिच्याजवळून हलला नाही. मग पुढच्या शनिवारी सिस्टरांबरोबर बसून त्याने पांढऱ्या गठ्ठ्यांतून लपवलेल्या फाइली वेगळ्या काढल्या. एकोणीस निघाल्या. फोन त्यानेच केले. अकरा जण पुढच्या आठवड्यात आले, पाच जणांनी येतो म्हटलं. तीन घरांतून उत्तर आलं, "त्या गेल्या हो. तुम्ही फार उशिरा विचारलंत."

आता कुणी खिडकीत वाकून कव्हर बदलायला सांगितलं, तर तो बदलत नाही. समोरच्याला बाकावर बसवतो आणि आपल्या बहिणीची गोष्ट सांगतो, स्वतःची चूक न वगळता.

मंडळी, आजार झाला यात लाजण्यासारखं काही नाही आणि लपवल्याने तो कधी कमी झालेला नाही. आपल्या घरात कुणाला हे दुखणं आलं, तर त्याला एकट्याला रांगेत उभं करू नका. चारचौघांत त्याचा हात धरा आणि सांगा, हे माझं माणूस आहे. त्या भावाला हे अकराच दिवस जमलं.