ओल्या चादरींची गाडी

चौथ्यांदा पिकअप चढावर बंद पडली, तेव्हा चिमीनं भावाला फोन केला नाही. तिनं गाडी मागच्या मागे उतरवत वळणापर्यंत आणली, तिथं कशीबशी फिरवली आणि थेट त्याच्या गॅरेजच्या दारात आडवी लावली. मिस्त्री टेबलाशी चहा पीत बसला होता. त्याच्या कपाशेजारी तिनं किल्ली आपटली.

"घे. आता तूच चालव. मी चादरी डोक्यावर घेऊन जाते वर."

चिमी म्हणजे मिस्त्रीची धाकटी बहीण. लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून पडलेलं नाव पन्नाशीतही सुटलं नव्हतं, आवाज मात्र आता चिमणीचा राहिला नव्हता. गावात खाली तिची लाँड्री होती आणि हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे झगे असं सगळं तिच्याकडे धुवायला यायचं. खाली धुवायची मशीनं होती, पण वाळत घालायला जागा नव्हती. ती होती टेकडीवर, भरपूर ऊन आणि वारा असलेलं मोकळं रान, तारा बांधलेलं. रोज सकाळी पिळलेल्या ओल्या चादरींची गाठोडी भरून पिकअप वर जायची आणि दुपारी वाळलेले कपडे घेऊन खाली यायची. गाडी वडिलांची, बावीस वर्षांची. गेल्या वर्षी मिस्त्रीनं तिचं इंजिन उतरवून, उघडून, पुन्हा नव्यासारखं बसवून दिलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला महिनाभर ऐकवलं होतं.

आणि आता तीच गाडी आचके देत होती.

पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा मिस्त्रीनं बोनेटही उघडलं नव्हतं. "पेट्रोलमध्ये पाणी आहे," म्हणाला. "त्या पंपवाल्याला जाऊन विचार." चिमी तडक गेली. दहा गिऱ्हाइकांसमोर पंपवाल्याला भेसळखोर म्हणून मोकळी झाली. पंपवाला बिचारा भला माणूस. त्यानं काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून उन्हात धरलं. "ताई, यात पाणी दाखवा, मी आत्ता तुमच्यासमोर पितो." पाण्याचा थेंबही नव्हता. चिमी मान खाली घालून परत आली, पण गिऱ्हाइकांनी ऐकायचं ते ऐकलं होतं.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रीनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बुरेटर खोलून धुतला. मग स्वतः गाडी घेऊन टेकडीवर जाऊन आला. लोण्यासारखी चालली. कुठं खोकली नाही, कुठं अडली नाही.

"गाडीत काही दोष नाही," त्यानं सांगितलं. "तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस."

तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला हे ऐकवणं म्हणजे आगीत तेल ओतणंच. चिमी किल्ली उचलून निघून गेली. दोनच दिवसांत गाडी पुन्हा त्याच चढावर बसली आणि ओली गाठोडी चार तास तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या मेट्रननं सगळा माल परत पाठवला. चादरींना कुबट वास येत होता. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ, असा निरोपही सोबत आला.

आणि आज गाडी पुन्हा बसली, म्हणून ती किल्ली आपटत होती.

मिस्त्रीनं चहा तसाच टाकला आणि बोनेट उघडलं. इंजिन सुरू केलं. घड्याळासारखं चालत होतं. रेस केलं, सोडलं, पुन्हा रेस केलं. काही नाही. एकेका प्लगची ठिणगी बघितली, निळी आणि खणखणीत. पेट्रोल येत होतं. कार्बुरेटर त्यानं दुसऱ्यांदा खोलला, जेटची बारीक भोकं फुंकली, पुन्हा लावला. स्क्रू कसताना हात निसटला आणि बोटाचं सालटं निघालं. त्यानं पाना भिरकावला, तो मागच्या पत्र्यावर जाऊन वाजला.

"अगं, काही दोष असेल तर दाखव तरी ना!" तो गाडीवरच ओरडला. "समोर असते तेव्हा शहाण्यासारखी चालते!"

"दादा, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय," चिमी म्हणाली. "जाताना बंद पडते. येताना कधीच नाही."

"गाडीला काय कळतं जाताना की येताना ते?"

मिस्त्रीची बायको मागच्या खोलीतून मलमपट्टी घेऊन आली होती. तिनं नवऱ्याचं बोट धरलं, पट्टी गुंडाळली आणि सावकाश म्हणाली, "अहो, गाडीला नसेल कळत. पण तिला तर कळतंय ना? तीन आठवडे ती एकच गोष्ट सांगतेय. तुम्ही एकदा तरी ऐकलंत का?"

मिस्त्रीनं बोनेट खाली केलं. बोट ठणकत होतं, त्यात बायको खरं बोलत होती.

"गाठोडी आहेत ना मागे?" त्यानं चिमीला विचारलं.

"आहेत की. कुठं उतरवणार?"

"चल मग."

आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या गाडीत बाजूच्या सीटवर बसला. हत्यारांची पेटी पायाशी घेतली. चिमीनं गाडी काढली. मिस्त्री तिच्या डाव्या पायाकडे चोरून बघत होता. पाय क्लचपासून लांब, पत्र्यावर व्यवस्थित टेकलेला. त्यानं नजर खिडकीबाहेर वळवली.

सपाट रस्त्यावर काही झालं नाही. चढ लागला, चिमीनं दुसरा गिअर टाकला, आणि तिसऱ्या वळणाला गाडीनं पहिला आचका दिला. मग दुसरा. मग एकामागून एक, जणू कुणी मागून दोरी ओढतंय. चिमीनं गिअर उतरवला, गाडी थरथरली आणि बंद पडली. तिनं हँडब्रेक ओढला.

"बघितलंस?"

"चालू कर."

एका झटक्यात चालू झाली. मजेत, काही घडलंच नाही अशी. मिस्त्रीचं डोकं फिरायची वेळ आली. पण या खेपेला तो ओरडला नाही. चाकांमागे दगड लावले, बोनेट उघडलं आणि गाडीच्या बाजूला, तिच्या वाटेतून दूर उभा राहिला.

"आता ब्रेक घट्ट दाब. पहिल्या गिअरमध्ये टाक. आणि क्लच हळूच, अगदी हळूच सोड. मी थांब म्हटलं की दाब."

चिमीनं क्लच सोडायला घेतला. गाडी पुढं जाऊ बघू लागली, ब्रेक जाऊ देईना. आणि मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत सगळं इंजिन एका बाजूनं वर उठलं. झोपलेला माणूस कोपरावर रेलून उठतो तसं, चांगलं चार बोटं. त्याबरोबर ठिणगीच्या कॉइलकडून येणारी एक काळी वायर ताणून तारेसारखी सरळ झाली. इंजिन खोकलं, अडखळलं.

"थांब!"

क्लच दाबला गेला. इंजिन धपकन खाली बसलं, वायर सैल पडली आणि चाल लगेच सुधारली.

"पुन्हा!"

पुन्हा तेच. वायर वरून धडधाकट दिसत होती, पण आतली तांब्याची तार तुटलेली असणार. सैल असली की टोकाला टोक लागायचं आणि ओढली गेली की सुटायचं. मिस्त्रीनं नेली होती तशी रिकामी गाडी सहज चढायची, इंजिनाला एवढा जोर लावावा लागायचा नाही, म्हणून ते उठायचंही नाही. येताना तर उतारच. भरलेली गाडी चढाला लागली की मात्र उठायचं. जाताना बंद, येताना चालू. बाई तीन आठवडे अक्षरशः दोष सांगत होती.

मिस्त्री वाकला आणि इंजिन ज्यावर टेकतं त्या रबराच्या फाउंडेशनकडे बघितलं. रबराचे मधोमध फाटून दोन तुकडे झाले होते. फाटलेल्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं. गेल्या वर्षी इंजिन बसवताना त्यानं नवी फाउंडेशनं आणली नव्हती. जुनीच पुसून परत लावली होती. चालतील अजून, असं स्वतःशीच म्हणाला होता.

"सापडलं का काही?" चिमीनं विचारलं.

"वायर तुटलीय आतून."

"वायर?" तिनं कपाळाला हात लावला आणि चक्क हसली. "एवढ्याशा वायरीपायी? जाऊ दे बाबा, त्यात कुणाचा काय दोष."

मिस्त्रीनं हत्यारांची पेटी उघडली. तुटकी वायर कापून तिच्या जागी नवी, चांगली लांब वायर जोडली. गाठोड्यांची एक दोरी सोडवून इंजिन खाली जखडून बांधलं. गाडी चढली. एकदाही आचका दिला नाही, आणि चिमी सबंध चढभर गाडीशीच लाडानं बोलत होती. तिच्याशेजारी मिस्त्रीला बसवत नव्हतं.

वर लाँड्रीच्या दोघी बायका वाट बघत होत्या. गाठोडी उतरली. मिस्त्रीनं न सांगता चादरीचं एक टोक धरलं, दुसरं चिमीनं. दोघांनी झटकली, तारेवर टाकली. चार-पाच चादरी झाल्यावर तो म्हणाला, "वायर आपोआप नाही तुटली. फाउंडेशन फाटलंय. गेल्या वर्षी मी जुनंच लावलं होतं."

चिमी चिमटा लावत होती. थांबली.

"म्हणजे तुझंच काम."

"माझंच."

"आणि मी भर पंपावर त्या माणसाचा पाणउतारा केला."

"मी जाऊन माफी मागतो त्याची."

"तू एकटा नाही. बोलले मी होते, मीही येते." तिनं चिमटा जोरात दाबला. "आणि क्लच?"

"क्लच चांगला आहे."

"क्लच कसा आहे ते नाही विचारलं मी."

मिस्त्रीनं पुढची चादर उचलली. दोन्ही टोकं बराच वेळ शोधत राहिला. "तू चांगली चालवतेस," तो शेवटी म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगली."

"हं," चिमी म्हणाली, आणि चादर त्याच्या हातून ओढून स्वतःच वाळत घातली.

त्या दिवशीचे कपडे तीनच्या आत वाळले आणि मेट्रननं हुंगून, निरखून ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी नवी फाउंडेशनं बसली. पंपवाल्यानं दोघांना खुर्च्या दिल्या आणि विषय मिटवला. चिमीचा राग मात्र तेवढ्यानं मिटणारा नव्हता. ती पंधरा दिवस गॅरेजकडे फिरकली नाही, फोन आला तरी वहिनीलाच यायचा.

मग एका सकाळी पिकअप दारात येऊन थांबली. चिमी खाली उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, "डावीकडे वळताना कुठूनतरी खट् खट् असा आवाज येतो. उजवीकडे नाही येत. तुला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण."

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले, पलीकडून फिरून दार उघडलं आणि तिच्या शेजारी बसला.

"वळव डावीकडे," तो म्हणाला.